आण्णांपुढं उघडलेली बाटली

बसा, चहा येतोय तोवर सांगतो. माझ्या हातून असा एक घोळ झालाय की आमच्या घरात अजून कुणी आलं किसायला घेतलं की सगळे आधी माझ्याकडं बघतात.

मी तीस वर्षं बसमध्ये तिकीट तपासायचं काम केलं. त्या कामात एक सवय लागते. माणूस जरा जास्त वेळ खिडकीबाहेर बघायला लागला की समजायचं, ह्याच्याकडं तिकीट न्हाय. मी निवृत्त झालो, पण सवय काय निवृत्त होईना. आता गाडी नाही, प्रवासी नाहीत. मग तपासायचं कुणाला? घरच्यांना.

तर गेल्या उन्हाळ्यात घरात काहीतरी चाललंय असा मला संशय आला. आमचा विनू, वय सव्वीस, कारखान्यात नोकरीला. हा पोरगा कधी कोथिंबिरीची जुडी आणायचा नाही, तो एक दिवस किलोभर आलं घेऊन आला. दुसऱ्या दिवशी दोन अननस. मी विचारलं, एवढं आलं कशाला? तर म्हणाला, असंच. आता तुम्हीच सांगा, किलोभर आलं कुणी असंच आणतं का?

मग तारेच्या बुचाच्या काचेच्या बाटल्या आल्या. मग स्वयंपाकघराचं दार लोटलेलं दिसायला लागलं. मी आत गेलो की मायलेक गप्प. एकदा फडताळात डाळीच्या डब्यांमागं एक बरणी सापडली, तोंडाला फडकं बांधलेली. आत पिवळट काहीतरी, त्यात आल्याच्या चकत्या तरंगतायत. वास घेतला तर डोळ्यांत पाणी आलं. त्याच संध्याकाळी दाराआडनं आवाज आला, फस्स. आणि विनू आईला म्हणाला, "आज जरा कडक झालंय."

म्हटलं, ही दारूच. मी जन्मात दारूला शिवलो नाही. त्यात विनूसाठी स्थळं बघणं चालू होतं. मलकापूरचे पाहुणे पुढच्या आठवड्यात यायचे होते. त्यांना काय सांगायचं? मुलगा घरीच गाळतो, आणि त्याची आई फडकं धरते?

सरळ विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? काहीच नाही. पण तपासनिसाला आधी पुरावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको, म्हणजे शालन, देवळात गेली. मी फ्रीजमधली एक बाटली पिशवीत घातली आणि स्कूटरवरून थेट गडमुडशिंगी गाठली. तिथं शालनचे थोरले भाऊ राहतात, आण्णा. निवृत्त हेडमास्तर. शांत, समजूतदार, चार लोकांत शब्दाला मान. दोष एकच. कविता करतात.

गेली वीस वर्षं आण्णा कविता वाचतात आणि मी वा म्हणतो. इतक्या वेळा वा म्हटलं की त्यांचं पहिलं पुस्तक निघायचं होतं ते त्यांनी मलाच अर्पण करायचं ठरवलेलं. 'माझे एकमेव रसिक, दाजी यांस.' दाजी म्हणजे मी.

मी सगळी हकिगत सांगितली. आण्णांनी बाटली उजेडात धरून बघितली, बूच काढून हुंगली. वास उग्र आहे खरा, म्हणाले, पण मी पडलो माळकरी, मला चव घेता यायची न्हाय.

"दाजी, तुम्हीच बघा की. घोटभर. खात्रीला."

पोराच्या भल्यासाठी म्हणून डोळे मिटले आणि घोट घेतला. घशातनं जाळ उतरला. कान तापले, नाकात झिणझिण्या आल्या. म्हटलं, हीच ती. तरी खात्रीला दुसरा घोट घेतला. दुसरा जरा गोड लागला. मग पोराची काळजी बोलून दाखवता दाखवता अर्धी बाटली कधी संपली, मला कळलंच नाही.

आण्णा म्हणाले, मन शांत करा. आणि वही काढली. नदीवरची नवी कविता, बावीस कडवी.

सहाव्या कडव्याला माझं डोकं हलकं झालं. आपल्याला चढली, मी ओळखलं. आणि चढलेल्या माणसाचं बोलणं कुणी मनावर घेत नाही, हेही नेमकं तेव्हाच सुचलं.

"आण्णा, थांबवा," मी म्हणालो. "वीस वर्षं ऐकतोय. तुमची एकबी कविता मला आवडलेली न्हाय. वा म्हणतो ते पानं लवकर वाढावीत म्हणून."

आण्णांनी वही मिटली. तेवढ्यावर थांबावं की नाही मी? पण नाही. तुमच्या नदीत बावीस कडव्यांत तांब्याभर पाणी नाही, असंही सांगितलं. बोलताना इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! शेवटी आण्णांनी माझ्या हातातनं स्कूटरची किल्ली काढून घेतली आणि मला रिक्षात बसवून घरी धाडलं. घरात मी भिंत धरून चाललो, कारण प्यालेली माणसं तशीच चालतात. डोकं दुखतंय म्हणून शालनला सांगितलं आणि झोपलो.

सकाळी आण्णा स्वतः स्कूटर घेऊन दारात हजर. पिशवीत उरलेली अर्धी बाटली. मला तोंड वर करवेना. हात जोडले आणि म्हटलं, काल मी शुद्धीत नव्हतो, मनात नसलेलं बोलून बसलो. थोर माणूस. माझ्या पाठीवर हात ठेवला.

"असू द्या, दाजी. काल दारू बोलली, तुम्ही न्हाय."

एवढ्यात शालन बाहेर आली. "दारू? कोण प्यालं?"

आता लपवून उपयोग नव्हता. बाटली टेबलावर ठेवली आणि म्हटलं, विचार तुझ्या लेकाला, घरात काय गाळतोय ते.

शालन बाटलीकडं बघतच राहिली. "अवो, अननस हाय त्यात. आलं, लिंबू, गूळ आन् वरनं सोडा. माझ्या पोटाला बरं पडतंय म्हणून विनू करतोय."

बरणीत आलं लिंबाच्या रसात मुरत घातलेलं होतं. आणि चोरून का? तर मागं तिनं कारल्याचा रस सुरू केला तेव्हा मी आठ दिवस तिची उलटतपासणी केली होती. ह्या वेळी ती डोकेदुखीच नको, असं मायलेकांनी ठरवलेलं.

तिनं आतनं ताजे तीन ग्लास भरून आणले. आण्णांनी एक घोट घेतला, मग दुसरा. झकास हाय, म्हणाले. आणि ग्लास तसाच हातात धरून थांबले. हेडमास्तर माणूस. हिशेब सावकाश करतो, पण चुकत नाही.

"शालन, ह्यात दारू न्हाय?"

"थेंब न्हाय, आण्णा."

आण्णांनी ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडं वळले. "म्हणजे दाजी, काल तुम्ही पुरते शुद्धीवर होता."

मी ग्लासात बघत बसलो. आणि खरं सांगतो, उभ्या जन्मात दारूचं नाव न घेतलेला मी त्या घटकेला देवाजवळ एवढंच मागत होतो, की बाबा, ह्या बाटलीत निदान थेंबभर तरी निघू दे.