मामाजींची तपासणी

जगातली प्रत्येक वस्तू भरलेली आहे आणि कुठल्याही क्षणी उडणार आहे, अशी खात्री बाळगून सत्तर वर्षं सुखाने जगलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लग्नानंतर त्यांच्या अकोल्याच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा मी पाटावर बसतो न बसतो तोच त्यांनी मला उठवलं, पाट हातभर बाजूला सरकवला आणि मग पुन्हा बसवलं. मला वाटलं, काही दिशेबिशेचं शास्त्र असेल. खुलासा मामींनी केला. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर एक शिकारी गुडघा टेकून नेम धरून बसला होता आणि माझा पाट बरोबर त्याच्या नेमात येत होता. "चित्रातली असली म्हणून काय झालं," मामाजी भाताची मूद मोडत म्हणाले, "भरेल हाय असंच समजाचं."

पुढे या वाक्याची मला सवय झाली. पाहुणा छत्री घेऊन दारात आला की मामाजी आधी छत्रीचं टोक दोन बोटांनी धरून जमिनीकडे वळवत, आणि मग "या, बसा" म्हणत. गोटीच्या सोड्याची बाटली पंच्यात गुंडाळून, तिचं तोंड तुळशीकडे करून फोडली जाई. तुळशीची वाढ त्या घरात कधी धड झाली नाही. स्टोव्ह पेटवायचा असला की घरातली सगळी माणसं अंगणात उभी राहत आणि मामी एकट्या आत जात. मामी म्हणत, "मी उडाली तं चालते ह्यायले, स्टो उडाला नाई पायजे." माणसांनाही मामाजींचा हाच न्याय होता. कचेरीतला त्यांचा एक सहकारी कधी कोणाशी भांडत नसे. मामाजी बारा वर्षं त्याच्या समोर बसले नाहीत, बाजूला बसले. "येवढा गप्प मानूस," ते मला म्हणाले, "म्हंजे किती भरेल असन, पाहा." तरुणपणी काही अपघात झाला असावा, असं लोक बोलत. मी एकदा धीर करून विचारलंच. ते म्हणाले, "कारन कायले पायजे? उडाल्यावर तं कोनीबी कारन सांगते."

असा माणूस बंदुकीच्या वाऱ्यालाही उभा राहू नये. पण मामाजी आमच्या बंदूक संग्राहक मंडळाचे तपासनीस होते. साठ सालच्या आगेमागे अमरावती आणि अकोला मिळून आमचं हे मंडळ होतं. कोणाच्या आजोबांची ठासणीची बंदूक, कोणाची तोड्याची, कोणाची संस्थानातून आलेली, आणि माझ्यासारख्या नालायकाची बापाकडून आलेली साधी बाराबोर. अमरावतीकर अकोल्याला जायला तयार नसत आणि अकोलेकर अमरावतीला, म्हणून सभा मधोमध मूर्तिजापूरला, एका जिनिंग फॅक्टरीच्या रिकाम्या शेडमध्ये होत. महिन्यातून एक रविवार बंदुकांचं तेलपाणी, खंडेनवमीला प्रदर्शन, वर्षातून एकदा मडकी टांगून नेमबाजी, आणि उरलेला वेळ कोणाची बंदूक जास्त जुनी यावर वाद आणि भरीत-भाकरी, असा आमचा कार्यक्रम असे.

पण या सगळ्याच्या आधी तपासणी. सगळ्या बंदुका बाजांवर ओळीने, नळ्या भिंतीकडे. मामाजी धुतलेली पांढरी चिंधी गजाला गुंडाळत आणि एकेका नळीत तो गज तीनदा फिरवत. मग चिंधी उजेडात धरून बघत. मग नळी हुंगत. हुंगून सांगत, "ही तीन पावसाळे गप्प हाय." मोर्शीच्या एका संत्रेवाल्याच्या बंदुकीला घोडाच नव्हता, वर नळीत शिसं ओतून ती कायमची बंद केलेली. तिलाही सूट नाही. "बुजवेल हाय ना? मंग आत काय राह्यलं ते कोनं पाह्यलं?" असं म्हणून ते तिच्यापुढे पंधरा मिनिटं बसत. हिवरखेडचे एक निवृत्त हवालदार होते. छप्पन सालानंतर ते बौद्ध झालेले, त्यामुळे खंडेनवमीला आपल्या बंदुकीला कुंकू लावू देत नसत. पहिल्या वर्षी यावरून दोघा-चौघांची कुजबुज झाली. मामाजींनी ती तिथेच मोडली. "कुंकू नसलं तं नसो. गज फिरला पायजे." तेव्हापासून त्या दोघांचं फार जमलं. सभा दहाची असली तरी बाराशिवाय सुरू होत नसे, आणि परतीची गाडी ठरलेली, त्यामुळे कित्येकदा आम्ही नुसती तपासणी करून घरी आलो.

माझं मन विटायला मात्र वेगळं कारण झालं. एका रविवारी माझ्या नळीत घातलेला गज मध्येच अडला. मामाजींनी हात वर करून सगळ्यांना मागे हटवलं, स्वतः पोटावर पडले, आणि अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर नळीतून कुंभारमाशीचं मातीचं घर बाहेर काढलं. ते तळहातावर घेऊन तीसेक माणसांना दाखवत म्हणाले, "आमच्या जवाईबुवांच्या बंदुकीत बिऱ्हाड राह्यते!" त्या दिवसापासून मंडळात माझं नाव 'बिऱ्हाडवाले' पडलं. भर एसटी स्टँडवर मला कोणी त्या नावाने हाक मारली, तेव्हा बायको सोबत होती. हा राग मी मनात धरला. माणूस क्षुद्र असतो, मी तर आहेच.

त्याच वर्षी पदाधिकाऱ्यांची निवडणूक आली, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा मामाजींच्या विरोधात कोणी उभं राहिलं. अमरावतीचे एक वकील. माणूस सज्जन, उत्साही. त्यांनी एकच गोष्ट सांगितली, "तपासणी दहा मिनिटांत." लोक खूश झाले. मामाजींनी प्रचार केलाच नाही, पण त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं, नोकरी संपली होती. सभेच्या आठ दिवस आधीपासून चिंध्या धुवायच्या, उन्हात वाळवायच्या, गजाला तेल लावायचं, यात त्यांचा महिना जाई. मामींनी मला बाजूला घेतलं. "जवाईबुवा, हे पद गेलं तं हा मानूस खाटेवर पडन. तुमचं मत तं घरचंच हाय." मी मान हलवली. ती कोणत्या अर्थी हलवली ते माझं मला ठाऊक होतं.

आमच्या मतदानाची रीत मंडळाला शोभेशी होती. पडद्यामागे दोन मडकी, तोंडाला फडकं बांधलेली. काळं मडकं मामाजींचं, तांबडं वकिलांचं. प्रत्येकाने उडवलेलं रिकामं काडतूस फडक्याखालून हव्या त्या मडक्यात टाकायचं. निवडणूक अधिकारी हवालदार. नियम मामाजींनीच बारा वर्षांपूर्वी लिहिले होते, कोणावर म्हणजे कोणावरही विश्वास न ठेवता: मतदान संपेपर्यंत मडक्याला अधिकाऱ्यानेसुद्धा हात लावायचा नाही, आणि उमेदवाराने लावला तर तो बाद.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मामाजींना जावई म्हणून मी एकटाच. दर दिवाळीला ते मला ओवाळणीच्या ताटातून धोतरजोडी न देता दोन नवीकोरी काडतुसं देत, प्रत्येकाला कुंकवाचं बोट लावून. त्याआधीच्या दिवाळीच्या दोनपैकी एक मी मडक्यांच्या नेमबाजीत उडवलं होतं. मत देण्यासाठी तेच रिकामं काडतूस मी आणलं, आणि मोजताना ओळखू येऊ नये म्हणून गाडीतच त्याचं कुंकू रुमालाने घासून पुसून टाकलं. दुसरं, न उडवलेलं, त्याच कोटाच्या त्याच खिशात पडून होतं. तो कोट मी मंडळाच्या सभेलाच घालत असे.

पडद्यामागे गेलो. बाहेरून मामाजींचा खोकला ऐकू येत होता. मी खिशात हात घातला, हाताला लागलं ते काढलं, न बघता तांबड्या मडक्यात सोडलं आणि बाहेर आलो. भरलेल्या आणि रिकाम्या काडतुसाच्या वजनात केवढा फरक असतो, पण अपराधी हाताला वजन कळत नाही. मी जागेवर येऊन बसलो. माझ्यामागून आणखी दोघं भराभर मत देऊन आले, आणि मोर्शीचे संत्रेवाले उठून पडद्याकडे निघाले.

"थांबा!" मामाजी ओरडले.

सगळे थिजले. मामाजी उभे होते, मान किंचित कलती. "मघाशी एक पडलं ते रिकामं नोयतं. आवाज ऐकला मी. भरेल हाय."

वकील हसले. "मामाजी, तुम्हाला सगळंच भरलेलं ऐकू येतं." लोकही हसले. मी हसलो नाही. माझा हात खिशात गेला होता आणि बोटांना पुसलेलं, उघड्या तोंडाचं, हलकं काडतूस लागलं होतं.

हवालदार शांतपणे म्हणाले, "मामाजी, आठ मतं बाकी हायत. मोजतानी दिसनच. तवरक मलेबी हात लावता येत नाई. कलम तुमचंच हाय."

"आठ मतं!" मामाजींचा आवाज चिरकला. "खाली भरेल पडलं हाय, अन तुमी वरून आठ पितळी बुडं आदळनार! तेबी हात आत घालून! एकाचा जरी पंजा गेला तं?"

"मामाजी," वकील आता जरा चिडून म्हणाले, "मतदान तुमच्याविरुद्ध जात असेल, म्हणून तर हे नाही ना?"

मामाजींचा चेहरा लाल झाला, मग उतरला. त्यांनी हवालदारांकडे पाहिलं. हवालदार खालच्या आवाजात म्हणाले, "हात लावला तं तुमी बाद. मले तसं लिहावं लागन."

त्या घटकेला मी उठून "मामाजी, ते माझं" एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. मतदान रद्द झालं असतं, नव्याने झालं असतं, त्यांना मडक्याला हात लावायची वेळच आली नसती. पण तांबड्या मडक्यातून माझं काडतूस निघणार, आणि त्यावर कुंकू असणार. मी मान खाली घातली आणि माझ्या चपलेचा अंगठा बघत बसलो.

"लिहा मंग," मामाजी म्हणाले, आणि पडद्यामागे गेले.

त्यांनी सगळ्यांना भिंतीपर्यंत मागे सरकवलं. दोन्ही मडकी उचलून बाहेर आणली, जमिनीवर सतरंजी अंथरली. आधी काळं मडकं आडवं करून स्वतःचीच मतं हलक्या हाताने बाहेर घेतली. एकेक बघितलं. सगळी रिकामी. कोणीतरी खाकरलं. वकिलांनी हाताची घडी घातली. मग तांबडं मडकं. एक, दोन, तीन. चौथं हातात घेतलं आणि ते थांबले. आमच्याकडे त्यांची पाठ होती. ती पाठ क्षणभर वाकलेली राहिली. मग ते काडतूस मुठीत धरून त्यांनी नुसतं त्याचं बंद तोंड बोटांतून सगळ्यांना दाखवलं, आणि कोटाच्या आतल्या खिशात टाकलं.

"कोनाचं हाय?" हवालदारांनी विचारलं.

"काय माईत," मामाजी म्हणाले. "घाईत होते कोनाचंबी. आता मोजू नका, सगळे मिसळले."

वकील बिनविरोध निवडून आले. त्यांना मात्र ते भरलेलं काडतूस चांगलंच लागलं असावं. पुढच्या सभेला त्यांची तपासणी अडीच तास चालली, शिवाय त्यांनी सगळ्यांचे खिसे उलटे करून घेतले. मामाजी साध्या सभासदासारखे खुर्चीवर बसले होते, हातात काही नसल्यामुळे पंच्याचं टोक पिळत. त्यांची बंदूक आली तेव्हा वकील संकोचून म्हणाले, "तुमची काय बघायची, मामाजी!" मामाजी एकदम उठले. "पाहा! माही बी पाहा! काहून सोडता?" आणि गज आत कसा घालायचा हे दाखवायला त्यांनी हात पुढे केला, मग आठवण होऊन मागे घेतला. ते मला बघवलं नाही. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

दिवाळीला जायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण बायकोने ऐकलं नाही. ताटात नेहमीसारखी दोन काडतुसं होती, कुंकू लावलेली. ओवाळणं झालं, बायका आत गेल्या, आणि मामाजींनी आतल्या खिशातून तिसरं काढून माझ्या हातावर ठेवलं. त्यातली दारू, छर्रे सगळं काढून टाकलेलं. कुंकू तसंच होतं, जरा फिकटलेलं.

"तुमचं मत राह्यलं होतं माह्याजवळ," ते म्हणाले.

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं. "बिऱ्हाडाचं मी चारचौघांत बोलाले नोयतं पायजे," ते म्हणाले. "मी सगळ्या नळ्या पाह्यल्या, जवाईबुवा. घरातला मानूस पाह्यला नाई." आणि मामींना फराळाचं आणायला सांगून माझा पाट त्यांनी सवयीने हातभर सरकवला, जरी ते कॅलेंडर कधीच उतरलं होतं.

मामाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मंडळ मोडलं, बंदुका कोणी विकल्या, कोणी ठाण्यात जमा केल्या. ते काडतूस माझ्या लिहायच्या मेजावर असतं. त्यात काही नाही, हे मला पक्कं माहीत आहे. त्यांनीच ते रिकामं केलं. तरी मेज पुसताना ते उचलावं लागलं की मी आधी त्याचं तोंड भिंतीकडे करतो.