सोमवारी बंद असलेली गिरणी

सृष्टी, माझ्या धाकल्या भावाचं लिही. रामलिंगचं. मी सांगते तसंच लिही, शाळेतल्यावानी करू नको.

निलंग्याच्या अल्याड आमचं माहेर. तिथं रामलिंगची पिठाची गिरणी. माणूस लई कमी बोलणारा. बाया डबे ठिवून चुलीपुढल्या गोष्टी करत बसायच्या, ह्यो आपला दळत राहायचा. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, समदं पिठानं. मी म्हनायची, "आरं, तू तरणा हायस का म्हातारा, कळंना की!" तर नुसता हसायचा.

शेजारच्या अमृतरावाशी बांधावरून भांडण. एका सांजंला अमृतरावाची सोयाबीनची गंजी पेटली. त्याचा सालगडी आदिनाथ म्हनला, रामलिंगला पळताना बघितलं. झालं. पोलीस आले आन् घिऊन गेले.

ठाण्यात कोठडीत घालायच्या आधी कमरंचा करदोडा काढला, गळ्यातलं लिंग बी काढून घेतलं. दोऱ्यानं फास घेतेत म्हनं माणसं. आता आपल्या लिंगायतांत गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याबिगर तोंडात घास घालत न्हाईत. रामलिंग तर पाणी बी घेईना. पोलिसाला वाटलं, रुसलाय.

दुसऱ्या दिशी निलंग्याच्या कोर्टात उभा केला. साहेबानं इचारलं, "वकील हाय का?" न्हाई म्हनल्यावर कोर्टानंच एक दिली. मंजुषा नावाची पोरगी, तुझ्या आईपेक्षा लहान. ती जवळ आली, काय काय इचारू लागली, तर ह्यो भिंतीकडं तोंड करून उभा. माझ्या कानात म्हनला, "आक्का, धरणारं सरकार, आन् सोडवणारं बी सरकारच? माझा न्हाई भरवसा."

मी म्हनलं, "आरं, बोल की! जेलात जायचंय का?"



मग त्या पोरीनं कागद मिटला. म्हनली, "मामा, ओठ फुटलेत तुमचे. जेवला न्हाई का?"

मी सांगितलं लिंगाचं. पोरगी तशीच साहेबापुढं गेली. काय बोलली मला कळलं न्हाई, पर साहेबानं पोलिसाकडं बघितलं, आन् घटकाभरानं हवालदार लिंग घिऊन आला. तिथंच व्हरांड्यात रामलिंगनं हात धुतले, लिंग तळहातावर घेतलं, डोळे मिटले. पोरगी पाठ करून उभी राहिली, कुणी मधी येऊ नये म्हून. पूजा झाली, तांब्याभर पाणी पिला, आन् मग तिला म्हनला, "बाई, इचारा काय इचारायचं ते."

तिनं जामीन करून घेतला. पर खटला दोन वर्सं चालला बघ. गावानं दळण दुसरीकडं नेलं. "जाळणाऱ्याच्या हातचं पीठ नको," म्हनायचे. ह्यो रोज गिरणी झाडायचा, पट्टा पुसायचा, आन् बसून राहायचा.

आदिनाथची साक्ष झाली तवा मी मागं बसले व्हते. त्यो म्हनला, "रामलिंगच व्हता. अंगभर पीठ, पांढराफटक दिसत व्हता. तसाच वळखला."

मंजुषाबाईनं इचारलं, "वार कोणता होता?"

"सोमवार."

"सोमवारी ह्यांची गिरणी चालू असते का?"

आदिनाथ खाली बघाया लागला. आपल्यात सोमवारी बैलाला जू लावत न्हाईत, रामलिंग गिरणी लावत न्हाई. बापाच्या वक्तापासून. ह्ये त्यानंच तिला सांगितलं व्हतं, पूजा झाल्यावर त्या व्हरांड्यात.

"बोला ना."

"बंद असती," आदिनाथ म्हनला.

"मग पीठ कुठलं?"

पुढं आणखी बी लई झालं, तारखा पडल्या, पर रामलिंग सुटला. गंजी कुणी जाळली ते आजून देवालाच ठावं. अमृतरावाचं बी नुकसान खरंच झालं, ते खोटं म्हनू नये.

निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिशी त्यानं गिरणी लावली. कुणी आलं न्हाई. तर घरची ज्वारी वतली आन् दळत बसला. मी म्हनलं, "आरं, एवढं पीठ कोण खाणार?"

"आवाज जाऊ दे गावात," म्हनला.

दिवस कलला तवा भामाबाई आली. अमृतरावाची आई. डोक्यावर डबा. मला वाटलं, आता शिव्या देती. तिनं डबा खाली ठिवला, पदरानं तोंड पुसलं.

"बारीक दळ," म्हनली. "त्या दुसऱ्या गिरणीच्या पिठाची भाकर थापताना चिरती."

रामलिंग उठला. डबा उचलला, ज्वारी वतली. पिठानं पांढरा झालेला त्यो, आन् गालावर दोन ओल्या रेघा. भामाबाईनं तिकडं बघितलं न्हाई. मी बी न्हाई.