आत्याबाईंना काय आवडायचं

मी थकले होते, हे आधीच सांगून टाकते. सासू गेल्या त्या दिवशी घरात रडारड चालली होती, मी भिंतीला पाठ लावून बसले होते आणि मला चक्क डुलकी लागली. नणंदेनं ते पाहिलं. ती ते विसरणार नाही आणि मीही विसरलेले नाही. चार महिने सासू अंथरुणाला खिळून होत्या. शाळेत जाण्याआधी त्यांचं अंग पुसायचं, आल्यावर चादरी धुवायच्या आणि मधल्या वेळात चाळीस पोरांना पाढे शिकवायचे. या सगळ्यात माझ्यातली माया कधी आटली ते मला कळलंसुद्धा नाही.

सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. आमच्या आत्याबाईंनी हेच काम सगळी हयात केलं आणि त्यांना कुणी डुलकी घेताना पाहिलं नाही. आमचं घर नवीन जालन्यात, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. राजूरकडच्या आमच्या गावात कुणीही आजारी पडलं की पिशवी घेऊन सरळ आमच्या दारात. भावकीत घराला नावच पडलं होतं, दवाखान्याचं घर. कुणाचं बाळंतपण, कुणाचा मोतीबिंदू, कुणाचं नुसतंच दुखणं. आत्याबाई सगळ्यांचे डबे पोचवायच्या. सासरे लकवा होऊन सहा वर्षं पडून होते, पण त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. कुणाला ज्वारीच्या कण्या पातळ लागतात, कुणाला ताकातल्या, कोण गोळी गुळाशिवाय घेत नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. मला सुरुवातीला या सगळ्याचा राग यायचा. लग्न ठरलं तेव्हा वाटलं होतं, शहरात घर मिळालं. ही तर धर्मशाळा निघाली.

दहावा गावी, नदीवर करायचं ठरलं. दहाव्याला पिंडापाशी पानावर गेलेल्या माणसाच्या आवडीचं वाढतात. कावळा लगेच शिवला म्हणजे जीव कशात अडकलेला नाही. नाही शिवला तर उन्हात ताटकळायचं आणि काय राहिलं असेल ते एकमेकांना विचारत बसायचं. आदल्या दुपारी सगळे गावच्या घरी बसलेले असताना जाऊबाईंनी साधा प्रश्न विचारला.

"उद्या पानावर काय काय करायचं? आत्याबाईला काय आवडायचं?"

"शिरा," मोठे दीर म्हणाले. "मायला शिरा लै आवडायचा. मी जालन्याला गेलो की पहिले शिराच करायची."

"शिरा न्हाई, धपाटे," माझा नवरा म्हणाला. "माझ्या डब्यात रोज धपाटेच आसायचे."

नणंदेनं डोळे पुसत शेवयांची खीर सांगितली. तिच्या दोन्ही बाळंतपणांत आईनं केलेली.

तिघंही अगदी मनापासून आपापली आवड आईच्या नावावर सांगत होते आणि कुणाच्या ते लक्षातच येत नव्हतं. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या चुलतसासूबाई म्हणाल्या, "शिरा तुम्ही खायचे. तिनं कढई निपटली आसंल."

मोठे दीर माझ्याकडं वळले. "तू तर तिच्या संगं राह्यली. तुला माहीत आसंल."

मला माहीत होतं. म्हणून मी खाली बघितलं आणि म्हणाले, "कधी बोलल्याच नाहीत."

बोलल्या होत्या. एकदाच. त्यांना पडून महिनाभर झाला असेल. मी शाळेतून आले होते, डोकं ठणकत होतं, गठ्ठाभर वह्या तपासायच्या होत्या. त्या पलंगावरून हळूच म्हणाल्या, "पोरी, येक भाकर दी की तव्यावरली. उतरली की तशीच. मह्या हातात कुणी गरम दिलीच न्हाई कधी."

मी म्हणाले, "आत्याबाई, सकाळच्या दोन आहेत, त्या संपू द्या. उद्या करते."

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "वाया कशाला घालायची."

सकाळची भाकर दुधात चुरून दिली, ती त्यांनी गुमान खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी विसरले. खरं सांगायचं तर विसरले नाही, आठवत असूनही पीठ मळायला हात उठला नाही. नंतर त्यांनी पुन्हा मागितली नाही आणि मी मनातल्या मनात म्हटलं, बरं झालं.

दहाव्याच्या सकाळी शिरा झाला, धपाटे झाले, खीर झाली. सगळं आवरल्यावर मी चुलीपुढं बसले आणि एक भाकरी थापली.

"आता हे कशाला?" जाऊबाईंनी विचारलं. "पानावर जागा न्हाई राह्यली."

"असू द्या," मी म्हणाले. कारण सांगायची लाज वाटली. भाकरी फुगली, उतरवली, दुहेरी फडक्यात गुंडाळली आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसले. साडीतून तिची ऊब लागत होती. नदीवर पोचेपर्यंत तरी राहील, एवढाच माझा हिशोब होता.

पण विधी लांबला. पुरुषांची डोकी भादरून झाली, आंघोळी झाल्या, विधी सांगणाऱ्या महाराजांचे मंत्र चाललेच होते. पान वाढायची वेळ आली तेव्हा मी फडकं सोडलं आणि भाकरीला बोट लावून पाहिलं. गार झाली होती. तरी मी ती शिऱ्याच्या शेजारी ठेवली.

आम्ही मागं सरलो आणि कावळा आला. शिरा, खीर सोडून त्यानं आधी भाकरीलाच चोच मारली. मोठे दीर रडायला लागले. नवऱ्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, "पाह्यलं? मायची कायबी इच्छा राह्यली न्हाई."

मी मान हलवली. गार भाकरीला आत्याबाईंनी जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं, त्या दिवशी तरी कशा म्हणणार होत्या.