डोळ्यांदेखतची धार

शिवाजी पेठेतल्या आकारामतात्या चौगल्यांना अभिमान एकाच गोष्टीचा, आणि तो त्यांनी गावभर मिरवला: आपल्या दुधात पाण्याचा थेंब नाही. असणार कसा? संध्याकाळी म्हैस पेठेतल्या दूधकट्ट्यावर आणायची, गिऱ्हाईक पुढ्यात उभं करायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार थेट पेल्यात सोडायची. फुटबॉल खेळणारी पेठेतली निम्मी पोरं या दुधावर वाढली. त्यातलाच एक संग्राम. तो शिकून मेंदूचा डॉक्टर होऊन परत आला, तेव्हा तात्यांनी अख्ख्या कट्ट्याला फुकट दूध पाजलं होतं.

२००३ साली तात्यांचा उजवा हात ताठरला आणि थरथरायला लागला. माणसं भिडेखातर गप्प बसली, पण म्हशीला कसली आलीय भीड? सुंदरीनं पान्हा चोरला. तो हात सडाला लागला की ती लाथ झाडायची. गिऱ्हाइकं हळूच शेजारच्या म्हशीकडं सरकली आणि तात्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कट्टा सुटला तर या माणसाकडं उरणार काय?

संग्रामनं तपासून कंपवात सांगितला. हात ताब्यात ठेवणारा एक रस मेंदू स्वतःच तयार करतो, तो तुमचा आटत चाललाय, म्हैस आटते तसा, असं त्यानं त्यांच्याच भाषेत समजावलं. त्याच्या दवाखान्यात नव्या पट्टीची चाचणी चालू होती. पट्टी दंडाला चिकटवायची, औषध कातडीतून सावकाश अंगात उतरतं. निम्म्या लोकांना कोरी, बिनऔषधाची पट्टी मिळणार आणि कुणाला कुठली हे मलाही कळणार नाही, हेही त्यानं संमतीच्या कागदावरून वाचून दाखवलं. तात्यांनी मान हलवली आणि सही ठोकली. कोरी असलीच तर ती परक्याला. आपल्या दुधावर पोसलेलं पोरगं आपल्याला कोरी देईल होय?

आणि काय सांगावं, महिन्याभरात हात मोकळा झाला. सुंदरीनं पान्हा सोडला, पेल्यावर फेस चढला, गेलेली गिऱ्हाइकं निमूट परत आली. तात्या बाही वर करून येणाऱ्याजाणाऱ्याला पट्टी दाखवत सुटले. त्यांच्या बायकोनं, चिमणाबाईंनी, तर संग्रामच्या नावानं अंबाबाईची ओटी भरली.

चाचणी संपल्यावर कुणाला काय मिळालं ते औषधाच्या कंपनीनं कळवलं. संग्रामनं तात्यांना बोलावून घेतलं, खुर्ची जवळ ओढली आणि सांगून टाकलं, की तुमची पट्टी कोरी होती.

तात्यांना आधी थट्टाच वाटली. मग तो समजावत राहिला, की औषध मिळतंय या भरवशावर तुमच्याच मेंदूनं तो रस सोडला, असं होतं, हे संशोधनात दिसलंय, आता आपण खऱ्या गोळ्या सुरू करू. खरंच बोलत होता बिचारा. पण असलं खरं काय जाळायचंय? तात्यांच्या कानात त्यातलं 'कोरी' तेवढंच शिरलं.

"माझ्या दुधात कधी पाणी घावलं तुला?" त्यांनी विचारलं. उत्तराला न थांबता ते बाहेर पडले.

त्याच संध्याकाळी हात पुन्हा लटलटायला लागला. सुंदरीनं पेला लाथेनं उडवला. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी संग्राम स्वतः गोळ्या घेऊन कट्ट्यावर आला. तात्या म्हशीशेजारी रिकामा पेला घेऊन बसले होते.

"सुंदरीला कुनी सांगितलं न्हवतं, पट्टी कोरी हाय म्हणून," ते त्याच्याकडं न बघता म्हणाले. "तिनं दूध दिलंच की. म्हंजे हात खराच बरा झालता. तू सांगितलंस आन् त्यो काढून घेतलास."

संग्राम म्हणाला, "तात्या, ह्या गोळीत औषध हाय. खरंच हाय."

तात्यांनी गोळी तळहातावर घेतली. हात इतका हलत होता, की ती एका जागी ठरेना.

"माझ्यावर इश्वास ठेव, असं मी तुला कधी म्हटलं न्हाय. तुझ्यासमोर धार काढून दिली. ही गोळी तू तशी माझ्यासमोर काढून दाखिवतोस काय?"

तात्यांनी गोळी त्याच्या हातात परत ठेवली आणि सुंदरीला घेऊन घराकडं चालू लागले.