काळी ज्वारी

देवराव मिस्त्री जेवायला बसला की भाकरीचा पहिला तुकडा तोंडात न घालता चुलीत टाकायचा. देवाच्या नावानं वगैरे नाही. तो कसा जळतो ते बघायला. तुकडा आधी काळा पडायचा, मग कडेनं पेटायचा, आणि मिस्त्री मान वाकडी करून बघत बसायचा. तोवर ताटातलं वरण निवून जायचं. माझ्या घरी तो पहिल्यांदा जेवला तेव्हा मी त्याला सरळ सांगितलं, अन्न जाळायचं असेल तर आपल्या घरी जाऊन जाळा. त्याला राग आला नाही. म्हणाला, "वैनी, पोटात तरी काय होते? तिथंबी जळतेच न."

आमचं गाव अल्लीपूरच्या बाजूला. गावात वीज फक्त पाटलाच्या गल्लीपर्यंत आलेली, शेतात नाही. ज्याच्या विहिरीवर इंजिन त्याला पाणी, आणि ज्याला इंजिन त्याला मिस्त्री लागायचाच. तो सिंदीच्या कापसाच्या एका जिनात फिटरच्या हाताखाली शिकला होता. पान्ह्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटायचा आणि कुठला भाग दुखतो ते सांगायचा. तो काही थोर माणूस नव्हता. बिड्या फुकायचा, काळ्या हातानं जेवायचा, सांगितलेल्या दिवशी कधी यायचा नाही. दारूला मात्र त्यानं कधी तोंड लावलं नाही, कारण त्याचा बाप दारूत मेला होता. पुढे जे झालं ते या माणसानं केलं, म्हणून हे आधी सांगते.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या वर्षी सासूबाई गेल्या आणि घराची, शेताची सगळी मुखत्यारी माझ्याकडे आली. आमचे हे हिंगणघाटच्या मिलमध्ये, आठवड्यातून एकदा घरी यायचे. त्याच वर्षी ज्वारीची कणसं भरली आणि पाऊस लागून राहिला. आम्ही हायब्रीड पेरलं होतं. दाणा काळा पडला, त्यावर बुरशी धरली. बरीचशी बैलांना घातली, एक पोतं कोपऱ्यात उरलं. बांधाकडच्या पट्ट्यात गावरान ज्वारी होती ती तेवढी पांढरी निघाली, तिची दोन पोती झाली. गहू येईपर्यंत आमचं खाणं आणि मजुरांची मजुरी त्यातच भागवायची होती. गावात कोणाकडेच याहून जास्त नव्हतं.

गहू दोन एकर होता, चांगला होता. दाणा चिकात आला आणि शेवटच्या पाण्याची वेळ आली तेव्हा रॉकेल मिळेना. आमचं इंजिन छोटं, पेट्रोल महाग म्हणून घोटभर पेट्रोलवर सुरू करायचं आणि मग रॉकेलवर टाकायचं. रेशनच्या रांगेत दोन दिवस उभी राहून मी चिमणीपुरतं रॉकेल आणलं. हिंगणघाटला माणूस पाठवला, तोही रिकामा आला. विहिरीत पाणी दिसत होतं आणि गहू खालून पिवळा पडत होता. तेव्हा मिस्त्री आला, काळ्या पोत्यातले मूठभर दाणे उचलले, हुंगले आणि चुलीत टाकले. ते पेटले.

"जे पोटात जळते ते इंजिनात काऊन नाई जळणार?" तो म्हणाला. ज्वारी आंबवून तिचा अर्क काढायचा आणि त्यावर इंजिन चालवायचं, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, अर्क म्हणजे दारूच की. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, मला जेलात घालायचं आहे का? तो म्हणाला, माणसानं घेतली तर दारू, इंजिनानं घेतली तर तेल. मला ते पटलं नाही, पण गहूही डोळ्यांसमोर होता. शिवाय ती काळी ज्वारी माणसाच्या तोंडची नाही, कोणाचं काही जात नाही, असं तो म्हणाला आणि मलाही तसंच वाटलं.

माझ्या गोठ्यात त्यानं चूल मांडली. ज्वारी भिजवली, शिजवली, रांजणात आंबवली. चार दिवस गोठ्यात असा वास की बैल खुंट्याभोवती फिरत राहायचे. पोलीस पाटील येऊन दारात उभे राहिले. मिस्त्रीनं त्यांच्यासमोर पहिली बाटली काढली आणि त्यात घोटभर पेट्रोल ओतलं. आता हे कोणी पिऊन दाखवा, मग मला बेड्या घाला, म्हणाला. पाटलांनी बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकले आणि गेले. पण त्या बाटलीत पेट्रोल वर तरंगत राहिलं, अर्क खाली. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. अर्कात पाणी आहे म्हणाला. मग तोच अर्क पुन्हा चुलीवर, पुन्हा थंड, पुन्हा चुलीवर. दर खेपेला कमी व्हायचा. शेवटी पेट्रोल मिसळून एक झालं तेव्हा पोतंभर ज्वारीचा अर्क एका डब्यात मावला.

इंजिन चालू झालं. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. धूर नाही, वास गोडसर. मिस्त्री पान्हा कानाला लावून बसला होता. त्याचा चेहरा आपल्या लेकराचा श्वास ऐकणाऱ्या माणसासारखा झाला होता. एका एकराचं पाणी झालं आणि डबा संपला.

दुसऱ्या एकराला काळी ज्वारी नव्हती. मिस्त्री म्हणाला, पांढरीतलं एक पोतं द्या. मी एक दिवस विचार केला. पोतं गेलं तर गहू येईपर्यंत ओढाताण, पण एकरभर गहू हाती लागेल. मी चौथी शिकलेली बाई, पण एवढं मला कळत होतं. मी पोतं काढून दिलं.

तो ते पिंपात ओतत असताना बायजा आली. बायजा आमच्याकडे कापूस वेचायची. आदल्या दिवशी शेवटचा वेचा झाला होता. ती दारात टोपलं घेऊन उभी राहिली, कोपऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, आमची काळी कोठं हाये?"

मला काही समजेना. मी विचारलं, कसली काळी? तेव्हा तिनं सांगितलं, तुमची सासूबुढी होती तवा शेवटच्या वेच्याले काळी-किडकी ज्वारी वेचणाऱ्या बायांना वाटून द्यायची. दरवर्षी. त्या ती राखेत घोळून धुवायच्या, उन्हात घालायच्या, दळायच्या. कडू भाकर होते, पण होते. सासूबाईंना देताना मी पाहिलं असेल. लक्षात ठेवलं नव्हतं. मला ते खराब ज्वारी घराबाहेर काढणं वाटायचं.

मी म्हटलं, ती तर इंजिनाला गेली.

बायजा हसली. "इंजिनाले पाजली म्हंता? मंग माह्या लेकराईले काय आता इंजिनाचं पाणी पाजू?"

मी तिला त्याऐवजी एका दिवसाची मजुरी पैशात देऊ केली. ती म्हणाली, दुकानात ज्वारी असती तर तुमच्या दारात कशाला आले असते. तेही खरं होतं.

मिस्त्री इतका वेळ पिंपावर वाकलेला होता. तो उठला. पिंपातली कोरडी ज्वारी पायलीनं मोजून बायजाच्या टोपल्यात घातली आणि तिला म्हणाला, बाकीच्या बायांनाही पाठव. मग चुलीतली लाकडं ओढून त्यांवर पाणी टाकलं. मी विचारलं, आणि गहू? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मले माहीत नव्हतं वैनी, ते कोणाचं होतं म्हणून."

संध्याकाळपर्यंत सहा बाया येऊन गेल्या आणि पोतं रिकामं झालं. ज्वारी माझी, गहू माझा, आणि निवाडा त्याचा. मी त्याला अडवलं नाही, पण सांगितलंही नव्हतं. गहू काढला तेव्हा एका एकराची ओंबी हातात जड लागायची आणि दुसऱ्याची फुंकर मारली तर उडायची. त्या उन्हाळ्यात मी मिस्त्रीशी बोलले नाही. त्याच उन्हाळ्यात बायजाची दोन्ही पोरं माझ्या अंगणात खेळत होती, हेही मी पाहत होते. कोणत्या गोष्टीचा राग धरावा ते मला ठरवता आलं नाही.

पुढे शेतात वीज आली, मोटारी आल्या. इंजिनं भंगारात गेली आणि मिस्त्रीही घरी बसला. त्याला खोकल्यानं धरलं. मी भेटायला गेले तेव्हा तो खाटेवर होता. आजारी माणसाला विचारू नये, पण मी विचारलं. सगळा गहू पिकला असता तर मी त्या बायांना दुप्पट दिला असता. मग तुम्ही थांबलात कशाला?

तो म्हणाला, "देल्ला असता?"

मी म्हटलं, दिला असता. पण ज्या बाईला काळी ज्वारी आठवली नाही तिला गहू द्यायचं आठवलं असतं का, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

"मलेबी नाई समजलं वैनी," तो म्हणाला. "इंजिन चाललं ते खोटं नाई. बायजा बोलली तेबी खोटं नाई. तुमाले समजलं तं मले सांगजा." त्याच्या बायकोनं समोर भाकर आणली होती. त्यानं तुकडा मोडला, चूल लांब होती, म्हणून हातातच धरून राहिला. शेवटी मीच तो घेऊन चुलीत टाकला. महिन्याभरात तो गेला.

आता माझा मुलगा त्याच शेतात मका पेरतो. म्हणतो, कारखान्यात नेतात, त्याचा अर्क काढून पेट्रोलमध्ये मिसळतात. ट्रॅक्टरवाल्याला मी विचारलं, हा मका खायला जातो की गाडीला? तो म्हणाला, आजी, मी वजनकाट्यावर खाली करतो, पुढचं मला माहीत नाही. मिस्त्री असता तर नाचला असता. की गप्प बसला असता, तेही सांगता येत नाही.

ट्रॉली भरली की मी जवळ जाऊन उभी राहते आणि मुलाला विचारते, यातलं कोणाचं काही नाही ना? तो हसतो. म्हणतो, "कोणाचं राहील आई? आपलंच हाये सारं."

ती काळी ज्वारीही मला आपलीच वाटली होती.