मुंजाबांना माथेरान दाखवलं

मुंजाबांबद्दल लिहा, असं ज्येष्ठ नागरिक संघाने मला सांगितलं, कारण पडेगावच्या बाकावर रोज संध्याकाळी मी त्यांच्या शेजारी बसायचो. पण शेजारी बसणं म्हणजे ओळखणं नव्हे. त्यांच्या बायकोचं नावसुद्धा मला ते गेल्यावर त्यांच्या मुलीकडून, शालूकडून कळलं. मेंढरं राखणाऱ्या घरातला हा माणूस गाईड कसा झाला, हे मी कधी विचारलं नाही. त्यामुळे जेवढं पाहिलं तेवढंच लिहितो. ते बहुतेक एका सहलीचंच आहे.

दौलताबादच्या किल्ल्यावर त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. किल्ल्यात ‘अंधारी’ नावाची काळोखी, वळणावळणाची वाट आहे. तिथे हातात टेंभा धरून ते पुढे चालायचे, पण उलटे. तोंड पाहुण्यांकडे, पाठ वाटेकडे. कोण अडखळतंय, कोण घाबरलंय, ते दिसायला हवं, असं त्यांचं म्हणणं. पायऱ्या त्यांच्या पायांना पाठ होत्या.

संघाची सहल माथेरानला ठरली, तेव्हा ते सभेत उभे राहिले.

“मी येतो. पण तिथं मी काय बी सांगणार नाय. जल्मभर दुसऱ्याला दाखवलं. एकदा मला कुणीतरी दाखवा.”

सहलीचं सगळं चतुराबाई बघायच्या. त्या म्हणाल्या, “आवो मुंजाबा, घरात हलवाई असताना लाडू बाहेरून आणायचे व्हय?”

सगळे हसले. तेही हसले. पण ‘बरं’ असं कुणी म्हटलं नाही.

नेरळपर्यंत बस आणि पुढे डोंगर चढणारी छोटी आगगाडी. ती इतकी हळू चढते की खिडकीतून हात काढून झाडाचं पान तोडता येतं. गावात मोटार येत नाही. लाल मातीचे रस्ते, घोड्यांच्या टापा आणि जुन्या बंगल्यांच्या पत्र्यांवर माकडं. मुंजाबा खुशीत होते.

शार्लट तलावावर चतुराबाईंनी विचारलंच, “मुंजाबा, ही शार्लट कोण वो?”

“असंल कुण्या गोऱ्या साहेबाची बाई,” ते बोलून गेले आणि तिथेच फसले. मग कुणी विचारलं, इंग्रज इथे का आले. कुणी विचारलं, बंगले कुणाचे. बोर्ड वाचून वाचून ते सांगत राहिले. बाजाराकडे परतताना मी पाहिलं, मुंजाबा आमच्यापुढे उलटे चालत होते.

संध्याकाळी लॉजच्या ओट्यावर ते माझ्या शेजारी येऊन बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत निघायचं होतं.

“किल्ल्यावरच गेलो असतो तर काय बिघडलं असतं, सांडूभाऊ?” एवढंच म्हणाले.

मी सभेतसुद्धा तोंड उघडत नाही. तरी उठलो, स्टेशनपाशी गेलो आणि गाईड मिळेल का म्हणून विचारलं. रूपा नावाची बाई भेटली. मी म्हणालो, “सगळ्यांना दाखवा, पण एकाला जरा जास्त दाखवा.”

“का हो, आजारी आहेत का?”

“नाही. गाईड आहेत.”

“मग अवघड आहे,” ती म्हणाली, पण सकाळी वेळेवर आली.

उजाडायच्या आत आम्ही पॅनोरमा पॉइंटकडे निघालो. ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब १८५० साली हा डोंगर कसे चढले, मग इथे बंगले कसे झाले, १९०७ साली रूळ कसे आले, ते रूपा सांगत होती. मुंजाबा तिच्या अगदी जवळून चालत होते. मधेच त्यांनी विचारलं, “बाई, हा डोंगर कुणी बांधला?”

रूपा थांबली. “देवानं बांधला, बाबा.”

“आन् किती दिवस लागले?”

मग मुंजाबाच असे हसले की त्यांना ठसका लागला. “मला जल्मभर हेच इचारलं लोकांनी! आज माझी पाळी!”

चतुराबाई म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या आता. त्या बाईला काम करू द्या.”

आम्ही कठड्याशी पोहोचलो आणि मुंजाबा सवयीने वळले. पाठ दरीकडे, तोंड आमच्याकडे. त्यांच्या मागे डोंगरांच्या कडा लाल होत होत्या, आणि ते आम्ही सगळे आलो का ते बघत होते.

रूपाने त्यांचे दोन्ही खांदे धरले. “बाबा, आज तुम्ही माझे पाहुणे. तिकडं बघा.”

तिने त्यांना फिरवलं. सूर्य वर आला, दरीतलं धुकं पिवळं झालं, लोकांचे फोटो काढून झाले, तरी ते तसेच उभे होते. मी शेजारी गेलो.

“लोक माझ्याकडं न बघता मागंच बघायचे, सांडूभाऊ. मला लई राग यायचा,” ते म्हणाले. “बराबर व्हतं त्यांचं.”

परतल्यावर माथेरानचं ते फारसं बोलले नाहीत. शालू म्हणते, घरी मात्र रूपाचं नाव रोज निघायचं. बाकावर पूर्वी ते माझ्याकडे तोंड करून आडवे बसायचे; आता माझ्यासारखे सरळ बसून लांब दिसणाऱ्या दौलताबादच्या किल्ल्यामागे ऊन कलताना बघायचे.

घरी निघताना मात्र बोलणं अर्धवट राहिलेलं असायचं, म्हणून चार पावलं उलटीच पडायची. त्या शेवटच्या संध्याकाळीही तसंच झालं.

“मुंजाबा, पुढं बघून चाला.”

“बघतो की. उद्या मंडईत येता का? शालूनं गवार आणायला सांगितलीय.”

“येतो.”

“मग पिशवी तुमची आणा. माझी फाटलीय.”