पाच गुणांचा जाळ

‘छान आहे हो, पण वाजत नाहीये.’

आमच्या ऑफिसातल्या मॅडमचा हा शेरा कशालाही लागू पडायचा. नव्या साहेबांचं भाषण, कॅन्टीनचा उपमा, मी दोन दिवस खपून लिहिलेली टिपणी. वाचून झालं की त्या चष्मा कपाळावर चढवायच्या, उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून टेबलावर दोनदा टकटक करायच्या आणि वाक्य टाकायच्या. मग टिपणी पुन्हा लिहायची. दुसऱ्यांदा लिहिलेली खरोखरच बरी व्हायची, त्यामुळे त्यांच्यावर मनसोक्त चिडण्याचीही सोय नव्हती.

ऑफिस कुठलं ते विचारू नका. सरकारी होतं, एवढ्यावरून पंख्यांचा आवाजसुद्धा तुमच्या कानात आला असेल. मॅडम आमच्या विभागाच्या प्रमुख, राहायला विश्रांतवाडीला. मी त्यांच्या हाताखाली. हाताखाली म्हणजे अगदी शब्दशः, कारण माझं टेबल त्यांच्या टेबलाच्या पुढ्यातच होतं.

दरवर्षी गणपतीच्या आधी साहेबांकडे ढोल-ताशा पथकांच्या स्पर्धेचे दोन पास यायचे. साहेबांचं ढोलाने डोकं दुखायचं. पास टेबलाटेबलांवरून फिरत खाली यायचे आणि शेवटी कचऱ्याच्या डब्यात जायचे. एका वर्षी मॅडमनी ते वाटेतच उचलले आणि मला विचारलं, ‘तुमच्याकडे स्कूटर आहे ना?’ मला वाटलं, माझी सोबत हवी आहे. नंतर कळलं, फक्त स्कूटर हवी होती. मी सोबत येणं हा नाइलाज होता.

तुम्ही अशी स्पर्धा पाहिली नसेल तर सांगतो. शाळेचं मोठं मैदान, एका बाजूला दगडी पायऱ्या, समोर मांडवात तीन परीक्षक. एकेक पथक येतं, बारा मिनिटं वाजवतं आणि जातं. पुढे ताशे, मागे कमरेला ढोल बांधलेल्या मुलामुलींच्या रांगा. सगळ्यांना पांढरे कुर्ते, डोक्याला फेटे आणि सूर्य मावळल्यावरसुद्धा डोळ्यांवर गॉगल. वर ड्रोन घिरट्या घालतो. निवेदक प्रत्येक पथकाची ओळख अशी करून देतो की जणू ही मंडळी आता थेट किल्ला सर करायला निघाली आहेत. प्रत्यक्षात त्यातली निम्मी सोमवारी हडपसरच्या आयटी पार्कमध्ये लॅपटॉप उघडून बसणार असतात.

मॅडम कालचा पेपर सोबत आणायच्या. एक पान त्यांच्याखाली, एक माझ्याखाली. मग त्यांची कॉमेंट्री सुरू व्हायची.

‘तिसरी रांग, उजवीकडून दुसरा. हात हलतोय, काठी पोचत नाहीये.’

‘चाळीस जणांत तुम्हाला एकाचं कसं कळतं?’

‘चाळीस पानांत तुमच्या एका चुकीच्या तारखेचं जसं मला कळतं, तसं याचंही कळतं.’

ढोलवाले मागून येतात, खरा कारभार ताशाचा, हे मला त्यांनीच शिकवलं. ताशा चुकला की अख्खं पथक चुकतं. ढोल चुकला तर फक्त ढोलवाल्याच्या आईला कळतं. परीक्षक गुण जाहीर करायच्या आधी मॅडम क्रम सांगून मोकळ्या व्हायच्या. तीन वर्षांत फक्त एकदा चुकल्या, तेव्हाही परीक्षकच चुकले असं त्यांचं मत होतं.

मी एकदा न राहवून विचारलं, ‘मॅडम, तुम्ही लहानपणी वाजवायचात का?’

‘आमच्या घरात वाद्य येत नाही.’ रजेचा अर्ज फेटाळताना त्या जो आवाज वापरत, त्याच आवाजात.

हकीकत कळली ती पुढच्या वर्षी, मध्यंतरातल्या चहाच्या वेळी. त्यांचं मूळ गाव लोणी काळभोरच्या पलीकडे. त्यांच्या घराण्याकडे गावाची हलगी होती. होती म्हणजे मिरवायला नव्हे. सण असो, जत्रा असो, कुणाची वरात असो, बोलावलं की जायचं आणि वाजवायचं. गावात कुणी गेलं की पुढे चालत वाजवायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, बौद्ध धर्म स्वीकारला त्याच आठवड्यात हलगी खाली ठेवली आणि पुण्याला कारखान्यात लागले. दादांच्या धाकट्या भावाने मात्र वाजवणं सोडलं नाही. दादा त्याच्याशी शेवटपर्यंत बोलले नाहीत.

‘सुट्टीत आजीकडे गेलं की मी काकांच्या मागे असायचे,’ मॅडम म्हणाल्या. ‘चामडं सैल पडलं की हलगी शेकावी लागते. मी उसाचं पाचट गोळा करून आणायचे. दादांना कळलं तेव्हा मारलं नाही त्यांनी मला. नुसते बसून राहिले. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं.’

यावर एखाद्या शहाण्या माणसाने गप्प राहिलं असतं. मी म्हणालो, ‘पण मॅडम, आता किती मान आहे वाजवण्याला! मुलं फी भरून शिकतात.’

‘आहे ना मान. यांना कंटाळा आला की ही उद्या जिमला जातील. दादांना नाही म्हणायला धर्म बदलावा लागला.’ आणि पेला खाली ठेवून म्हणाल्या, ‘चला, पुढचं पथक लागलं.’

दादा जाताना त्यांनी शब्द दिला होता, घरात वाद्य येणार नाही, आपण हात लावणार नाही. तो त्यांनी पाळला. आता बघणं आणि हात लावणं यांतल्या फरकाचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणालो नाही. माझी बढती अजून व्हायची होती.

त्यांना एकुलती एक मुलगी. नवरा लवकर गेला, मुलीला एकटीने वाढवलं. ती इंजिनीअर झाली, हडपसरला नोकरीला लागली आणि एक दिवस आईला म्हणाली, मी पथकात ताशा शिकतेय. पुढे म्हणाली, सराव करायला घरी आणू का?

तीन आठवडे आमच्या विभागात एकही टिपणी वाजली नाही.

‘सांगून टाकलं,’ मॅडम मला म्हणाल्या. ‘ताशा आणायचा तर मला बाहेर काढून आण.’

‘मग?’

‘मग काय? पथकाच्या गोडाउनमध्ये ठेवते. माझ्याशी बोलत नाही. मीही बोलत नाही. घरात छान शांतता आहे.’ त्यांचे डोळे लाल होते. त्यांना झोप नव्हती, हे दिसत होतं. दादांनी भावाशी जे केलं तेच आपण मुलीशी करतोय, हे त्यांना कळत होतं, आणि थांबता येत नव्हतं.

त्या वर्षी पास आले तेव्हा मी ते गुपचूप खणात टाकले. चार वाजता मॅडम पर्स घेऊन माझ्यासमोर उभ्या. ‘स्कूटर काढा. आणि नीट ऐका, मी स्पर्धा बघायला येतेय. तिला बघायला नाही.’

दुपारभर पाऊस पडून गेला होता. त्यात आयोजकांना त्या वर्षी एकाएकी परंपरेची आठवण आली होती. वाद्यांवर ताणायची फायबरची पानं बंद, सगळी वाद्यं चामड्याचीच हवीत. ओल्या हवेत चामडं सैल पडतं. पहिल्या चार पथकांचे ताशे ओल्या पुठ्ठ्यासारखे वाजले. मॅडमना खरं तर आनंदाने बोलायला भरपूर वाव होता, पण त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

पाचवं पथक त्यांच्या मुलीचं. आमच्या पायऱ्यांच्या खालीच बांबूच्या कठड्यामागे ते थांबलं होतं. मुलगी ताशाच्या रांगेत मधोमध, म्हणजे बाकीचे तिच्या ठेक्यावर चालणार. तिने ताशावर एक काडी मारली आणि तिचा चेहरा पडला. मग या इंजिनीअर मंडळींनी डोकं चालवलं. कुणीतरी बॅगेतून हेअर ड्रायर काढला. प्लग लावायला जागा सापडली ती निवेदकाच्या बोर्डावर. ड्रायर सुरू झाला आणि निवेदकाचा माइक बंद पडला. मैदानात त्या दिवशीच्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या पडल्या.

‘गाढवं आहेत,’ मॅडम पुटपुटल्या. ‘सगळी शिकलेली गाढवं.’

पथकाचा पुकारा झाला. पाच मिनिटांत मैदानात यायचं, नाहीतर बाद. मुलीने ताशा छातीशी धरला होता आणि ती रडू आवरत होती. तिने एकदा वर, आमच्याकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली.

‘उठा,’ मॅडम मला म्हणाल्या. मला वाटलं, निघायचं. त्यांनी माझ्याखालचा पेपर ओढून घेतला, स्वतःखालचा घेतला, पर्समधला उरलेला कोरडा पेपर काढला आणि पदर खोचून कठड्यापाशी उतरल्या. बंदोबस्तावरच्या हवालदाराकडे काडेपेटी मागितली. ज्या आवाजात मागितली, त्यावर त्याने ती दोन्ही हातांनी दिली.

‘दे इकडे.’

‘आई, तू नको हात लावूस. आजोबांना तू...’

‘आजोबांचं मी बघते. दे.’

पेपरचा बोळा पेटला. मॅडमनी ताशा उपडा धरला आणि जाळावर फिरवायला लागल्या. फार जवळ नाही, फार लांब नाही. सगळं पथक गोल करून उभं राहिलं. दर थोड्या वेळाने त्या मधलं बोट दुमडून चामड्यावर दोनदा मारत, कान लावत आणि पुन्हा शेकत. टेबलावरची ती टकटक कुठून आली ते मला तेव्हा कळलं.

‘आई, सिरियसली, सगळे बघतायत.’

‘बघू देत. पुढचा ताशा आणा.’

सहाच्या सहा ताशे शेकून झाले तेव्हा पेपरातलं बरंचसं जग जळून गेलं होतं.

मला वाद्यातलं काही कळत नाही. पण त्या मुलीने पहिल्या काड्या मारल्या आणि पायऱ्यांवर चाललेल्या गप्पा एकदम थांबल्या. असा कोरडा, स्वच्छ आवाज त्या संध्याकाळी पहिल्यांदाच ऐकू येत होता. मागून ढोल पडले ते अगदी त्याच्या मापात. बारा मिनिटं मॅडमनी मैदानाकडे पाहिलं नाही. काळवंडलेले दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून त्या नुसत्या ऐकत होत्या.

निकाल लागला. पथक चौथं. ‘मैदानात जाळ केल्याबद्दल’ पाच गुण कापले होते. ते कापले नसते तर दुसरं आलं असतं. पथकाचा प्रमुख, एक दाढीवाला तरुण, तरातरा आमच्याकडे आला. मी भांडणाच्या तयारीत होतो.

‘काकू, पुढच्या वर्षी सरावाला याल का? आम्हाला कुणी शिकवलंच नाही हे.’

‘आधी तो ड्रायर ज्याचा आहे त्याला परत करा,’ मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आयोजकांना पत्र लिहिलं. विषय : जाळाबाबत. सोबत नियमावलीची प्रत, कारण जाळ करू नये असं तीत कुठेच नव्हतं. मी वाचलेली ती त्यांची सगळ्यांत सुंदर टिपणी. उत्तर आलं नाही. ‘आयोजक सरकारी दिसतात,’ त्या म्हणाल्या.

पण हे दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी येरवड्याच्या सिग्नलला आम्ही थांबलो होतो तेव्हा त्या मागून म्हणाल्या, ‘दादा असते तर आज मला घरात घेतलं नसतं.’

‘घेतलं असतं हो.’

‘तुम्ही ओळखत नव्हता त्यांना. उगाच तोंड घालू नका.’ सिग्नल सुटला. थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, ‘मला फार बरं वाटलं शेकताना. तेच वाईट वाटतंय.’

मुलगी त्याच आठवड्यात ताशा घरी घेऊन आली. मॅडमनी तिला नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. पलंगाखालची एक ट्रंक मात्र स्वतः ओढून बाजूला केली.

निवृत्तीला चार महिने उरले असताना त्या गेल्या. सकाळी ऑफिसला निघताना, चपला घालता घालता. मी विश्रांतवाडीला पोचलो तेव्हा इमारतीखाली गर्दी होती. थोड्या वेळाने एक टेम्पो आला. पथकाची तीसेक मुलं उतरली. पांढरे कुर्ते, डोकी मोकळी. वर्षभर मॅडम दर रविवारी सरावाला जात होत्या, हे मला त्या दिवशी कळलं.

दाढीवाला माझ्याकडे आला. ‘काका, काकूंना मानवंदना द्यायची आहे. वाजवू ना?’

मला भरून आलं होतं. मी म्हणालो, ‘वाजवा की. त्यांना आवडेल.’ इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून मी हे म्हणालो. मुलांनी ढोल कमरेला बांधायला सुरुवात केली.

मुलगी जिन्यातून खाली आली. पांढरी साडी, विस्कटलेले केस. तिने ढोल पाहिले आणि हात वर केला.

‘इथे नाही,’ ती शांतपणे म्हणाली. ‘आमच्याकडे मयताला वाजवत नाहीत. ते आजोबांनी सोडलंय.’ तिने हात खाली घेतला. ‘रविवारी सरावाला वाजवू. मी येते. आत्ता वर चला, भंतेजी आलेत.’

मुलं मुकाट्याने ढोल उतरवून टेम्पोत ठेवायला लागली. दाढीवाल्याच्या कमरेची गाठ काही सुटेना. मी खाली बसलो आणि ती सोडवली. ढोल आम्ही दोघांनी धरून, कुठे आपटू न देता, टेम्पोत ठेवला. मग आम्ही सगळे वर गेलो.